मुन्सिफसाहेबांचा दवाखाना

गेवराईच्या नव्या दवाखान्याला वारलेल्या मुन्सिफ जलालुद्दीनसाहेबांचं नाव द्यायचं ठरलं, तेव्हा त्यांची बेवा खतीजाबी एकटीच नाराज झाली. नाव देऊ नका, असं तिनं अर्जुनरावांना पडद्याआडून परोपरीनं विनवलं. दवाखान्याला जागा अर्जुनरावांचीच होती. साहेबांसारखा न्याय तालुक्यात कुणी केला नाही, असं म्हणून ते निघून गेले.

तिला भीती होती ती तलवाड्याच्या धोंडीरामची. त्याच्या भावाला, आसारामला, कडब्याची गंजी पेटवली म्हणून साहेबांनी कैद सुनावली होती. आसाराम तुरुंगातच वारला. ती बातमी आली त्या दिवशी धोंडीराम कचेरीच्या दारात म्हणाला होता, "ह्या मुन्सिफाचं नाव मी या मातीत ऱ्हाऊ देणार न्हाई."

फलक लागला. धोंडीराम आला नाही. तरी खतीजाबीचा जीव थाऱ्यावर नव्हता. कुणी शेण फासलं का, दगड मारला का, हे बघायला ती कामवाल्या छबुबाईला रोज सकाळी धाडायची.

पावसाळा सरता सरता एके दिवशी छबुबाई धापा टाकत आली. धोंडीराम दवाखान्यासमोर उभा आहे, म्हणाली. खतीजाबीनं बुरखा घेतला आणि तशीच निघाली.

दवाखान्याच्या दारात बैलगाडी होती. गाडीत धोंडीरामची बायको मुक्ताबाई तापानं फणफणली होती. धोंडीराम जूवर हात ठेवून फलकाकडे बघत होता. तिला उतरवून घेत नव्हता.

"हितं त्याच मुन्सिफाचं नाव हाय का?" त्यानं विचारलं.

खोटं बोलावं, असं खतीजाबीच्या मनात आलं.

"हां. माझ्या खाविंदाचं," ती म्हणाली. "तुमाला बघवत नसंल तर मी चादरीनं झाकून टाकते. पर बाईला आत घ्या."

गाडीत मुक्ताबाई कण्हली.

"झाकू नका," तो म्हणाला. "तिला त्या बाजूनं धरा."

दोघांनी मिळून तिला पायरीपर्यंत आणलं. तिथून पुढं खतीजाबीनं आणि छबुबाईनं नेलं. ताप उतरेपर्यंत खतीजाबी खाटेपाशी बसून राहिली. धोंडीराम बाहेर गाडीखाली मुक्कामाला होता. भाकरी, पेज जे काही आणायचा, ते दारातूनच खतीजाबीच्या हाती द्यायचा.

मुक्ताबाई आपल्या पायांनी चालत बाहेर आली. धोंडीरामनं शेवटपर्यंत उंबरा ओलांडला नाही.