उन्हापुरत्या बाह्या

माझ्या दोन्ही हातांवर कोड आहे. कोपरापासून मनगटापर्यंत पांढरे डाग. सहावीत असताना ते उठले आणि त्याच वर्षापासून आईनं माझ्या सगळ्या कपड्यांना लांब बाह्या लावल्या, अगदी मे महिन्यातसुद्धा. दादाच्या हळदीला तर तिनं माझ्या हातांना एवढी हळद फासली की मावशी सगळ्यांसमोर आईला म्हणाली, "विनिता, हळद नक्की कोनाची हाय? पोराची का पोरीची?" मांडवभर हशा झाला. मी घरात जाऊन रडले.

म्हणून नोकरी लागल्यावर सायकल घेतली तेव्हा हट्टानं अर्ध्या बाह्यांची जर्सी घेतली. मी तळोज्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. रविवारी आमचा ग्रुप सुकापूरहून आपट्यापर्यंत जाऊन येतो. सायकलवर माझे हात उघडे असत, आणि कोण बघतंय याची मला फिकीर नसे. आठवडाभरात तेवढीच सकाळ मला माझी वाटायची.

एप्रिलमधल्या एका रविवारी निघायला उशीर झाला आणि परतताना ऊन डोक्यावर आलं. घरी पोचले तेव्हा डाग लालबुंद झाले होते, संध्याकाळी त्यांवर फोड आले. डॉक्टर बाईंनी स्पष्टच सांगितलं. त्या जागी कातडीला रंगच नाही, त्यामुळे उन्हापुढे तिचा टिकाव लागत नाही. मलम लाव, पण नुसत्या मलमावर विसंबू नकोस. हात झाकून सायकल चालव, नाहीतर उन्हाळाभर बंद ठेव.

इकडे आड, तिकडे विहीर. ज्या बाह्यांशी मी इतकी वर्षं भांडले, त्याच आता डॉक्टरांच्या तोंडून परत आल्या. शेवटी आईचंच खरं झालं, हा विचार मला फोडांपेक्षा जास्त झोंबला. झाकून जायचं असेल तर जायचंच कशाला? सायकल विकून टाकते, असं मी घरात जाहीर केलं. शनिवारी आई म्हणाली, "चल, दुकानात जाऊ. मी पन येते."

पनवेलमध्ये ओवेसभाईंचं सायकलचं दुकान आहे. त्यांनी हातात चढवायच्या सुट्या बाह्यांचा ढीग काउंटरवर ओतला. त्यात एक जोडी हुबेहूब कातडीच्या रंगाची होती.

"काकी, हीच सगळ्यात जास्त खपते," ते म्हणाले. "घातलीय हे कळतसुद्धा नाही."

आईनं ती उचलून माझ्या हाताजवळ धरली. माझं डोकं फिरलं.

"घे ना!" मी म्हटलं. "तुझ्या मनासारखं मिळालं. डागही झाकले जातील आणि झाकलेत हेही कुणाला कळायचं नाही."

ओवेसभाई उगाच खालचा खण उघडून काहीतरी शोधायला लागले. आईनं ती जोडी बाजूला ठेवली.

"ऊन कंच्यातून आत जात नाय?" तिनं त्यांना विचारलं.

"ताणून बघा, काकी. ताणल्यावर आरपार दिसलं, तर धूपही आत जाणार. वीण घट्ट पाहिजे. आणि एक नंबर मोठा घ्या, म्हणजे हातावर कापड ताणलं जात नाही."

आईनं एकेक बाही ट्यूबलाइटसमोर धरून ताणली. कातडीच्या रंगाच्या बाहीची पार चाळण दिसली. पांढरीचंही तेच. शेवटी दोनच उरल्या, एक काळी आणि एक भडक निळी. आईनं बांगड्या वर सारल्या, एका हातात काळी चढवली, दुसऱ्यात निळी, आणि मला काही कळायच्या आत बाहेर जाऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

भर दुपार होती. साडी नेसलेली आई दोन रंगांचे हात पुढे करून उन्हात उभी होती. रिक्षावाले वळून बघत होते. दोन बायका थांबून हसल्या. आमची आई, जी आयुष्यभर 'लोक काय म्हणतील' याच्या धाकात जगली, ती हलली नाही.

"आई, आत ये, चक्कर येईल," मी दारातून म्हटलं.

"थांब जरा."

ती आत आली तेव्हा चेहरा घामानं निथळत होता. "काली तापते," ती म्हणाली. "निली घे."

"लांबूनच दिसेल ती. सगळे बघतील."

"बघू दे. तुजे फोड बघून माजा जीव तुटला गं."

मला तिला विचारायचं होतं, मग इतकी वर्षं काय होतं? पण तिची छाती अजून धपापत होती. मी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली.

रविवारी निळ्या बाह्या घालून आपट्याला जाऊन आले. हात शाबूत राहिले. तरी मन निवळलं नव्हतं. बाही ती बाहीच, असं आत कुठेतरी वाटत होतं. त्यातच बुधवारी चुलतबहिणीची हळद आली. त्यासाठी आईनं महिन्यापूर्वीच पिवळा ब्लाउज शिवून घेतला होता, अर्थातच मनगटापर्यंत बाह्यांचा. तयारी करायला कपाट उघडलं, ब्लाउज काढला आणि बघतच राहिले. बाह्या कोपराच्या वर कापलेल्या होत्या. कडा हातानं दुमडून शिवल्या होत्या, टाके वाकडेतिकडे. आई शिवणकामात कच्चीच आहे.

ती दारात गजरा घेऊन उभी होती.

"आई, बाह्या?"

"हळद सांजची हाय," ती म्हणाली. "तवा ऊन कुटं असतं?"