आखूड पडलेली काडी

काड्यापेटीतल्या काड्यांच्या आकृत्या हा मुळात ताईचा प्रांत. सगळ्या काड्या एकाच लांबीच्या, टेबलावर सपाट मांडायच्या, टोकाला टोक भिडवायचं, एकीनं दुसरीला ओलांडायचं नाही आणि प्रत्येक सांध्यात नेमक्या चार काड्या यायला हव्यात. ऐकायला पोरखेळ, पण करायला बसलं की भल्याभल्यांना घाम फुटतो. कॉलेजात गणित शिकवणाऱ्या ताईची उमेदीची वर्षं यात गेली होती. धाकट्या बहिणीला, छोटीला, हा नाद लावला तोही तिनंच. आता छोटी विद्यापीठात होती, आणि कुठूनही दुमडली तरी दोन बाजू जुळणार नाहीत अशी एक वेडीवाकडी, अगदी नवी आकृती तिला सापडली होती.

"तिची आकृती मोठी करून बाहेरच्या खोलीत लावलीय," आई फोनवर सांगत होती. "तुझा पदवीचा फोटो आत घेतला गं. बाहेर उजेड छान येतो ना."

"बरं केलंस," ताई म्हणाली. पण पोटात दुखायचं ते दुखलंच.

दुपारी छोटीनं फाईल पाठवली. सोबत दोन ओळी होत्या: 'शुक्रवारी विभागात सांगायचंय. तुझ्या नजरेखालून गेली की मी निर्धास्त.'

ताई चहा घेऊन बसली आणि चूक शोधू लागली. चूक असेल तर शोधावी म्हणून नव्हे, असलीच पाहिजे म्हणून. आणि ती सापडली. कडेच्या एका भागात संगणकानं दशांशाचे पुढचे आकडे सोडून देऊन सांधा जुळवला होता. चित्रात टोकं भिडलेली दिसत होती, पण हिशेबात तिथली एक काडी इतर काड्यांपेक्षा केसभर आखूड होती. केसभर असो नाहीतर हातभर, आखूड ती आखूडच. ताईला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चहा तसाच गार झाला.

फोन उचलायला हात गेला, तो तिनं मागे घेतला. शुक्रवारी सगळ्यांसमोरच बोलू की!

पण छोटी चिवट. चूक दाखवली तर ती दुरुस्त करून बसेल. म्हणून ही आकृती कधीच सुधारता येणार नाही हेही सिद्ध करायला ताईनं कंबर कसली. त्या कडेची त्रिकोणांची पट्टी तर घट्टच होती, जागची हलत नव्हती. मग तिथला एक त्रिकोण काढून जवळच समभुज चौकोन बसवला तर? चौकोन डुलतो. तो एका बाजूला कलला की आखूड काडीच्या जागची फट पुऱ्या काडीहून लहान राहत होती, दुसऱ्या बाजूला कलला की काडीहून मोठी होत होती. म्हणजे मधे कुठेतरी ती काडीएवढी होणारच! बाकीच्या सांध्यांतही चारच काड्या राहत होत्या. ताई कागदाकडे बघत राहिली. मोडायला गेली होती आणि जोडून बसली होती. हा कागद तिनं पर्समध्ये घातला आणि कुणाला काही बोलली नाही.

शुक्रवारी खोली भरली होती. छोटी छान बोलली. विभागप्रमुख माना डोलावत होते. शेवटी ताईनं हात वर केला.

"कडेची ती काडी आखूड आहे. दशांशाचे आणखी आकडे घेऊन बघ."

छोटीनं बघितलं. तिचा चेहरा उतरला.

"ताई, तुला हे कधी कळलं?"

"मंगळवारी."

"मग फोन का नाही केलास?"

छोटीनं डोळे पुसले नाहीत. ती फळ्याकडे वळली आणि त्याच कोपऱ्याचं चित्र पुन्हा काढायला लागली. तिचा खडू त्या त्रिकोणापाशी थबकला. ताईनं ओळखलं. हिला आत्ता सुचेल! इथेच, सगळ्यांसमोर, आणि तेही हिचंच होईल.

ताई उठली, पुढे गेली आणि फळ्यावर समभुज चौकोन काढला. "हा डुलवायचा," ती म्हणाली आणि भराभर सगळं मांडून मोकळी झाली.

टाळ्या पडल्या. "दोघींच्या नावानं छापा," विभागप्रमुख म्हणाले. "बहिणी असाव्यात तर अशा!"

जिन्यात छोटी म्हणाली, "नाव तुझं आधी घाल."

"अगं, तसं काही नाही..."

"घाल. हक्काचं आहे तुझं." ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. "मला वाटलं होतं, तू मला आधी सांगशील."

लेख छापून आला, ताईचं नाव पहिलं. कॉलेजात अभिनंदन झालं, प्राचार्यांनी गुच्छ दिला. पुढे काही महिन्यांनी विभागप्रमुख भेटले तेव्हा कौतुकानं म्हणाले, "छोटीनं आणखी एक आकृती काढलीय. झकास आहे!"

"हो का? माझ्याकडे नाही आली अजून."

"आमच्या विभागात ती नवी शिकवणारी बाई आहे ना, तिला देते हल्ली तपासायला. दोघींचं चांगलं जमतं."

ताई हसून "वा" म्हणाली. त्या नव्या बाईला तिनं कधी पाहिलंही नव्हतं. पण घरी पोचेपर्यंत ती दिसते कशी, बोलते कशी आणि छोटी तिला काय म्हणून हाक मारत असेल, याशिवाय दुसरं काही ताईच्या डोक्यात आलं नाही.