शकुनाचं पान

मित्रांनो, पुणतांब्यातल्या एका देवघरात लाल फडक्यात बांधलेली सुट्या पानांची जुनी पोथी आहे ना, ती मीच. छापखान्यातून आले तेव्हा माझी पानं करकरीत होती. आता कडा तुटतात, आणि नैवेद्याच्या गुळापायी मुंग्याही येतात.

श्रावणात या घरी पोथी लावायचे. घरच्या चांगुणाबाई ओव्या वाचायच्या आणि रविकांत गुरुजी अर्थ सांगायचे. माझ्यात एका राजाची गोष्ट आहे. सिंहासन आपल्यापाशीच आहे हे तो विसरतो आणि "माझं सिंहासन कुणी पाहिलं का?" असं विचारत दारोदार हिंडतो. गुरुजी म्हणायचे, "हा राजा कुणी परका नाही, तुम्हीच तो. सिंहासन म्हणजे स्वतःवरचा विश्वास. आणि रान म्हणजे मनातली भीती." बायका माना डोलवायच्या. चांगुणाबाईंची लेक निकिता मात्र खरंच ऐकायची. तेव्हा मला धन्य वाटायचं.

पण लोकांची खोड जाईल तर शपथ! अर्थ ऐकायचा आणि उंबऱ्यावरच सोडून जायचा. लग्न असो, विहीर असो, शकुन मलाच विचारायचा. डोळे मिटून पानांत सुपारी सारायची. जी ओवी निघेल तो देवाचा हुकूम. त्यापुढचं पान वाचायचं नाही, असा रिवाज. मी बापडी कागदाची. विहिरीला पाणी लागेल की नाही, हे मला काय कळणार?

दोन वर्षांपूर्वी गुरुजी वारले. यंदा निकिताचा नगरला नर्सिंगला नंबर लागला. प्रवेशाला दोनच दिवस उरले होते. चांगुणाबाईंनी हातपाय धुऊन सुपारी सारली. ओवी निघाली ती अशी, की घराबाहेर पडलेला राजा रानात वाट चुकला.

"पोथी न्हाई म्हनती," चांगुणाबाईंचा चेहरा उतरला. "आता कशी धाडू तुला?"

"आई, फुडचं पान तरी वाच. रान म्हंजे भीती, गुरुजी सांगायचे की."

"शकुनाचं पान उलटायचं नसतं, पोरी. लई वंगाळ हुतं."

मित्रांनो, पुढच्याच पानावर, त्याच रानात, राजाला कळतं की सिंहासन आपल्याच काळजात आहे! मला ओरडून सांगावंसं वाटलं. निकिताचा हात माझ्याकडे आला आणि मागे गेला. वारा सुटावा, पान उलटावं म्हणून मी तळमळले. पण पानही हललं नाही. फडक्याची गाठ बसली आणि ते दोन दिवस निघून गेले.

आता दर सोमवारी निकिताच मला वाचते. अर्थही सांगते, अगदी गुरुजींसारखा. "राजा म्हंजे आपनच," असं म्हणताना तिची नजर माझ्या पानावरून उठत नाही. चांगुणाबाई कौतुकाने डोळे पुसतात आणि शेजारच्या रतनबाईंना म्हणतात, "कसा फोडून सांगती बघा माझी पोर!"

मित्रांनो, हळदकुंकू थोडं कमी वाहिलंत तरी चालेल. पण मला उघडलंत, तर पुढचं पान तुम्ही उलटा. मला हात नाहीत.