महाराज गप्प, आवाज चालू

दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी इमारत लोटली होती. महाराजांनी डोळे मिटून हात वर केला, आणि माझ्या मेलेल्या भावाचा आवाज आला, "दिवे लाव."

टेबलावरचं बोलकं यंत्र उत्तरलं, "मालक, ओळख पटली." दिवे लागले. लोकांनी भराभर हात जोडले.

माझा भाऊ महासंशयी. दिवे, पंखे, दाराचं कुलूप, सगळं त्या यंत्राच्या ताब्यात, आणि यंत्रात आवाज नोंदवलेला फक्त त्याचा. बायकोचासुद्धा नाही! तो गेल्यापासून यंत्र कुणालाच जुमानत नव्हतं. म्हणूनच शेजारी म्हणत होते, "माणूस खोटं बोलेल, यंत्र कशाला बोलेल?"

"देह जातो, कंपन राहतं," महाराज म्हणाले. "कंपनाला मरण नाही."

कंपनाला घर मात्र हवं होतं. त्याच आवाजानं आधी हुकूम सोडला होता की यंत्रात महाराजांचाही आवाज नोंदवा. मग दुसरा, की हे घर आश्रमाला द्या. उद्या वहिनी सही करणार होती. नंतर तिनं राहायचं कुठं, त्याबद्दल कंपन अवाक्षर बोललं नव्हतं.

मी कानाची मशीनं बसवते. आवाजाची कापाकापी माझ्या रोजच्या कामातली.

"महाराज, थोडं कंपन माझ्याकडेही आहे," मी म्हटलं. "तोंड घट्ट मिटा."

"थट्टा करता, बाई?"

"मिटा तर खरं."

मी फोनवर बोट ठेवलं. महाराजांचाच आवाज घुमला, "दिवे बंद कर. मी भोंदू आहे."

"महाराज, ओळख पटली," यंत्र म्हणालं, आणि अंधार झाला. कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच.

मी पुन्हा फोनवर बोट ठेवून त्याच आवाजात दिवे लावून घेतले. महाराजांचं तोंड आता उघडंच राहिलं होतं.

"हे तर जिवंत आहेत! मग हा आत्मा कुणाचा आला?" मी विचारलं. "मी यांची प्रवचनं संगणकाला ऐकवली. आता तो यांच्या आवाजात हवं ते बोलतो. वहिनी, माझ्या भावाचा फोन कुणाला दिलास?"

"महाराजांना," ती पुटपुटली. "शांतीसाठी."

"त्यात त्याचे बोललेले निरोप होते. झालं काम! आवाज जुळतो का, एवढंच हे यंत्र बघतं. बोलणारा माणूस आहे की डबा, ते त्याला कळत नाही."

डबा, म्हणजे छोटा स्पीकर, महाराजांच्या मागे बसलेल्या शिष्याच्या झोळीत सापडला. शिष्य महाराजांना तिथंच टाकून पळाला. महाराजांना जिन्यापर्यंत लोकांनीच पोचवलं, आणि तेही हातानं नव्हे.

"बाबांनो," मी म्हटलं, "आवाज जुळला म्हणजे माणूस आला असं होत नाही. हात जोडण्याआधी विचारा, आवाज येतो कुठून आणि त्यात भलं कुणाचं होतंय?"

गर्दी पांगली. घर वाचलं. वहिनी माझ्या फोनकडे बघत राहिली.

"ताई, तुम्हालाही जमतं ना? एकदा फोनला त्यांच्या आवाजात मला विचारायला लावा. 'जेवलीस का?' एवढंच."

"जमतं. पण करणार नाही. उभ्या जन्मात त्यानं तुला हे कधी विचारलं होतं का?"

"नाही," ती म्हणाली. "म्हणूनच तर."

तरी मी नाहीच म्हटलं.