दुरुस्तीची चौकट

तळ्याकाठच्या त्या वस्तीत महिन्यातून एकदा एक कागद निघायचा. पुढच्या बाजूला बातम्या, मागच्या बाजूला आठवणी. बातम्या जिवंत माणसांच्या, त्यामुळे त्यांत तक्रारीच जास्त. कुणाची होडी धक्क्यावर आडवी लागते, कुणाचा कुत्रा बदकांच्या मागे लागतो. मागच्या बाजूला जायचं तर मरावं लागे, पण एकदा तिथे पोचलं की कसलाही माणूस मनमिळाऊ आणि परोपकारी होऊन जाई.

हा कागद शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई काढायच्या. कागदाच्या तळाशी ‘दुरुस्ती’ नावाची एक चौकट होती. ती अकरा वर्षं कोरी निघत होती, आणि बाईंना त्या कोऱ्या चौकटीचा जेवढा अभिमान होता तेवढा मजकुराचाही नव्हता. दुसरा अभिमान त्यांनीच केलेल्या नियमाचा. गेलेल्या माणसाने स्वतः काही लिहून किंवा लिहवून ठेवलं असेल, तर ते कानामात्रा न बदलता छापायचं.

या महिन्यात नावाडी गेला होता. वीस वर्षांपूर्वी बेकरीवाल्याची चार वर्षांची जुळी तळ्यात पडली, ती त्याने बाहेर काढली. त्याबद्दल वस्तीने धक्क्यावर त्याच्या नावाचा बाक बसवला होता. बाईंनी मोठी जागा राखून ठेवली. दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले, तेव्हा मात्र त्यांनी एकच ओळ लिहिली होती: ‘शांत गृहस्थ. कुणाच्या अध्यात ना मध्यात.’ नवरा झाला म्हणून काय झालं, उगाच फुगवून लिहिणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. हयातीतही त्यांनी नवऱ्याला काही कमी ऐकवलं नव्हतं. “तो नावाडी बघा, आणि तुम्ही बघा,” हे वाक्य घरात आठवड्यातून दोनदा तरी व्हायचं.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत बाई टंकत बसल्या होत्या, तेव्हा नावाड्याची बहीण पाकीट घेऊन आली. ती शिवणकाम करायची.

“दादाने आजारपणात माझ्याकडून लिहून घेतलंय. अक्षर वाकडंतिकडं आहे. तुम्ही वाचा, मी बसते.”

बाईंनी चष्मा पुसून वाचायला घेतलं.

‘मला पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं. त्या दुपारी धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. होडीत माझ्याबरोबर बाईंचे यजमान गळ टाकून बसले होते. उडी त्यांनी मारली, दोन्ही मुलं त्यांनीच काढली. वर आल्यावर म्हणाले, “हे तू केलंस असं सांग. कंबर धरलीय म्हणून मेहुण्याकडे फरशी बसवायला येत नाही, असं बायकोला सांगून मी इथे आलोय. तिला कळलं तर माझी धडगत नाही.” मी कबूल झालो. मग लोकांनी बाक बसवला आणि खरं बोलायची हिंमतच उरली नाही. ते रोज संध्याकाळी त्या बाकावर माझ्याशेजारी बसायचे आणि गालातल्या गालात हसायचे.’

बाईंनी कागद खाली ठेवला. त्या दिवशी भावाकडे स्वतः फरशा वाहून बाई संध्याकाळी घरी आल्या होत्या. नवरा पांघरूण घेऊन पडलेला, केस ओलेचिंब. “केस कसे भिजले?” तर म्हणे, शेकायची पिशवी गळली. मग त्याच्या उशाशी बसून त्यांनी नावाड्याचा पराक्रम सविस्तर सांगितला होता, आणि वर “काही माणसं नुसती अंथरुणात लोळतात” हेही. दुसऱ्या दिवशी ती पिशवी टाकून नवी आणली होती.

बहीण हळूच म्हणाली, “नाही छापलंत तरी चालेल बाई. तुम्हाला आणि मलाच ठाऊक आहे. दादाचा बाकही राहील. आणि लोक तुम्हाला हसतील.”

“मला का हसतील?”

“की तुमचे यजमान तळ्याला भ्याले नाहीत, पण…”

बाईंना राग आला आणि त्याच दमात रडूही आलं. माणूस इतकी वर्षं खोटं बोलला याचा राग. एवढं मोठं काम करूनही तो घरी चोरासारखा आला, याची लाज.

“मला घाबरण्यासारखं काय आहे हो माझ्यात?” त्यांनी दरडावून विचारलं.

बहीण पिशवीत सुई शोधू लागली.

कागद ठरल्या दिवशी निघाला. पत्र होतं तसं, कानामात्रेसकट. बेकरीवाल्याची जुळी दुपारभर बाकापाशी उभी होती, पण बसलं कुणीच नाही. वस्ती पोट धरून हसली, ते बाईंनी खिडकी बंद न करता ऐकून घेतलं.

तळाच्या चौकटीत अकरा वर्षांत पहिल्यांदाच मजकूर होता: ‘दोन वर्षांपूर्वी या पानावर एका गृहस्थांविषयी “कुणाच्या अध्यात ना मध्यात” असं छापलं गेलं. ते चूक होतं. पिशवी गळकी नव्हती.’

शेवटचं वाक्य वस्तीला कळलं नाही. खुलासा व्हावा अशी लेखी तक्रार आली. बाईंनी ती पुढच्या महिन्यात बातम्यांच्या बाजूला छापली, आणि खुलासा केला नाही.