नव्वद टक्के जुळणी

आमच्या चर्चमध्ये लग्नाआधी जोडप्यांना दोन रविवारचा कोर्स करावाच लागतो. त्यातला स्वभावाचा तास गेली अकरा वर्षं मी घेते, कारण मानसशास्त्र शिकलेली मी एकटीच. सुरुवातीलाच सांगते, व्यक्तिमत्त्व म्हणजे दिसणं-बोलणं नव्हे. माणूस विचार कसा करतो, त्याला काय वाटतं, तो वागतो कसा, याची ती घडण. समोरचा माणूस बदलला तरी ती फारशी बदलत नाही. मग साठ प्रश्नांचे दोन कागद देते. एक स्वतःबद्दल भरायचा, एक जोडीदाराबद्दल.

यंदा माझी भाची एलिसा बसली होती, मनवेलपाड्याच्या स्टॅनीबरोबर. तिने स्वतःबद्दल लिहिलेलं आणि त्याने तिच्याबद्दल लिहिलेलं, साठांपैकी चोपन्न उत्तरं सारखी! मी मूर्खासारखं सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि प्रमाणपत्रावर सही ठोकली.

घरी येऊन कागद नीट वाचले. 'मला गर्दी नकोशी वाटते.' 'मला पटकन मत देता येत नाही.' 'मैत्रिणींची गरज वाटत नाही.' ही आमची एलिसा? मासळीवालीशी अर्धा तास हुज्जत घालून वर तिच्याच टोपलीपाशी गप्पा मारत बसणारी? गेल्या वर्षी, स्टॅनी भेटायच्या आधी, तिने हौस म्हणून हाच कागद भरला होता. तो शोधून काढला. एकोणचाळीस उत्तरं उलटी. वर्षभरात माणूस थोडाफार बदलतो, पण इतका नाही. मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कागद तिच्यापुढे ठेवले.

"मावशी, तेव्हा मला स्वतःबद्दल काहीच माहीत नव्हतं," ती म्हणाली. "स्टॅनी बोलतो, मी मुळात शांत आहे. तुम्ही लोकांनी मला बडबडी करून ठेवलं."

"आणि तुला काय वाटतं?"

"तेच."

तिच्या आईला, ग्रेसीला, सांगितलं तर ती उसळलीच. "टाळ्या तूच वाजवायला लावल्यास ना? पोरगी जरा घरात बसायला लागली तर तुझ्या पोटात दुखतं?" फादरांकडे गेले, तर ते म्हणाले, "ग्लोरिया, प्रमाणपत्रावर सही तुझीच आहे."

रविवारी त्यांच्या लग्नाची तिसरी, शेवटची पुकार झाली. कुणाची हरकत असल्यास कळवावी. हरकत ऑफिसात जाऊन सांगायची असते; मिस्सेची प्रार्थना चालू असताना कुणी उभं राहत नाही. मी राहिले. लोक हसले तर हसू देत, निदान एलिसा चिडेल. पूर्वीच्या एलिसाने मला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं असतं. मला तेवढंच बघायचं होतं.

"माझी हरकत आहे," मी म्हटलं.

सगळं चर्च माझ्याकडे वळलं. एलिसाने आधी स्टॅनीकडे पाहिलं. तो हलकंसं हसत होता. मग ती माझ्याकडे वळली आणि तेवढंच हसली.