पांढऱ्या काचेची बाटली

१९५६ च्या उन्हाळ्यात बारामतीच्या पाणी-माती तपासणीच्या प्रयोगशाळेत एक तपकिरी बाटली फुटली. तिच्यात सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण ठेवत. पाण्यातलं मीठ त्यानं मोजतात. उजेडात ते हळूहळू कमजोर होतं, मग ते जास्त लागतं आणि मीठ आहे त्याहून जास्त दिसतं, म्हणून तपकिरी काचेत, बंद कपाटात ठेवायचं असतं. तिथला केमिस्ट महिपती हे प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचा. पण दुसरी तपकिरी बाटली शिल्लक नव्हती. त्यानं नवं द्रावण साध्या पांढऱ्या काचेच्या बाटलीत भरलं आणि दोन दिवसांचाच प्रश्न आहे म्हणून खिडकीजवळच्या फळीवर ठेवलं. ते तिथं अडीच महिने राहिलं.

त्याच दिवसांत निमगाव केतकीचे गेणबा विहिरीचं पाणी घेऊन आले. त्यांच्या कागदी लिंबांच्या पानांच्या कडा करपत होत्या. महिपतीनं पाणी तपासलं. मीठ फार आलं.

"गेणबा, हे पाणी लिंबाला चालायचं नाही. जमीनही खराब होईल. बाग काढा, बाजरी करा."

"सात वर्सांची झाडं हायती, सायेब. औंदा कुठं फळाला आली."

"आकडा स्पष्ट आहे."

गेणबांनी कागद मुंडाशात खोचला आणि ते गेले.

श्रावणात नव्या बाटल्या आल्या. जुनी हातात घेतली तेव्हा महिपतीला तळाशी काळपट गाळ दिसला. गेणबांचं थोडं पाणी बूच लावून ठेवलेलं होतं. त्यानं ते ताज्या द्रावणानं तपासलं. मग पुन्हा, मग तिसऱ्यांदा. मीठ लिंबाला सोसेल इतकंच होतं. पानं बहुधा उन्हाच्या झळांनी करपली होती.

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या एसटीनं निमगावला गेला. बागेच्या जागी बाजरी होती. तिच्यात शकुबाई, गेणबांची बायको, खुरप्यानं गवत काढत होत्या. त्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"म्हंजी झाडं चांगली हुती?"

"चांगली होती."

शकुबाई खाली बसल्या. "दोन वर्सं घागरीनं पानी घातलं म्या त्यास्नी." हातातलं खुरपं त्यांनी बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "ह्यांस्नी सांगू नका. सोत्ताच्या हातानं कुऱ्हाड चालिवली त्यांनी. चार दिस जेवलं न्हाईत."

"चूक माझी आहे. मला सांगायलाच हवं."

"तुमी सांगून मोकळं व्हाल, सायेब. त्यांनी काय करायचं?"

तेवढ्यात बैलांना पाणी पाजून गेणबा आले. साहेबांना बघून त्यांचा चेहरा खुलला. "लई उपकार झालं बगा. तुमी येळंवर सांगितलं, न्हायतर जमीन बी गेली असती. चला, भाकरी खाऊन जावा."

महिपतीनं शकुबाईंकडं पाहिलं. त्या खुरपं उचलून पुढच्या ओळीला लागल्या होत्या.

तो जेवला. बारामतीला परतल्यावर त्यानं वरिष्ठांना आपली चूक लेखी कळवली, त्या अडीच महिन्यांतले सगळे नमुने पुन्हा मागवले आणि ज्यांचे आकडे चुकले होते त्यांच्या गावी स्वतः जाऊन सांगितलं. सणसरला एकानं त्याला शिव्या दिल्या. त्या त्यानं मान खाली घालून ऐकल्या आणि त्याला थोडं बरं वाटलं. गेणबांना मात्र त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही.